सुईबाईंची मोजणी

लस टोचायला येणाऱ्या नर्सला वस्तीतली पोरं सुईबाई म्हणत. बारा वर्षं बाई घरोघरचे जिने चढत होत्या. कोणत्या दाराआड कोण लपतं, तेही त्यांना तोंडपाठ. शाळेमागची मोकळी जागा तीस वर्षांच्या कराराने गोदामाला द्यायची, उद्याच सह्या, हे त्यांच्या कानावर आलं.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे थोरले दीर. घरात त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. नवऱ्याने बजावलं, की तू यात पडू नकोस, उगाच भावाभावांत वाकडं येईल. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं रजिस्टर काखोटीला मारून बाई थेट बैठकीत गेल्या.

पेन दिरांच्या हातात होतं. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, की कारखान्याजवळच्या नव्या इमारतींत आज तीन वर्षांची एकशे ऐंशी मुलं आहेत. तीन वर्षांनी ती पहिलीत येणार, आणि पहिलीच्या खोल्या दोन. गोदामवाला हसला, म्हणाला, असले लोक आज इथे, उद्या तिथे.

"लहान तोंडी मोठा घास घेतेस," दीर सावकाश म्हणाले.

बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, भाऊजी. माझ्याबरोबर दोन इमारती फिरा, मग खुशाल सही करा."

दिरांनी पेनाला टोपण लावलं आणि उठून गेले.

शनिवारी मात्र ते आले. दार उघडलं की बाईंना बघून पोरं भोकाड पसरत, आणि दीर घरच्यांना एवढंच विचारत, की इथे किती दिवस राहणार. चौथ्या मजल्यावर एका आईने उलट विचारलं, "शाळेत जागा मिळेल ना, साहेब? त्यासाठीच हे घर घेतलंय."

दीर पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

करार बारगळला. पण भरसभेत अडवल्याचा राग काही गेला नाही. दिरांनी बाईंशी अबोला धरला. तीन वर्षांनी त्या जागेवर जेमतेम चार खोल्या उभ्या राहिल्या, एकीला गिलावासुद्धा नव्हता. पहिलीला दोनशे बारा मुलं आली. बाईंचा अंदाजही तोकडाच पडला होता.

प्रवेशाच्या दिवशी दीर स्वतः बाकं सरकवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी किती?"

"अडीचशे तरी."

त्यांनी गवंड्याला परत बोलावून घेतलं.