ब्युइकला मुशीचं तेल

काशीदच्या नामा कोळ्यानं उभ्या जन्मात एकच मोटार दुरुस्त केली, आणि तीही होडीसारखी. सत्तेचाळीस साली बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, तेव्हा बंद पडलेली, छप्पर मागे दुमडणारी अमेरिकन ब्युइक त्यानं रोज मासळी पोचवणाऱ्या नामाच्या नावे लिहून दिली. गाव हसलं. मीही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू?

पण नामा तरुणपणी मुंबईत गॅरेजात राबला होता. पाच वर्षं तो त्या गाडीला भिडला. इंजिन खोललं, जोडलं. फाटक्या छपराच्या जागी शिडाचं कापड दाभणानं शिवून घातलं. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड खाऊ नये म्हणून, होडीला चोपडतात तसं मुशी माशाचं तेल दर वर्षी तळाला चोपडलं. हे त्याचं शहाणपण. चामडी गाद्या भेगाळू नयेत म्हणून त्यांनाही तेच पाजलं, हा गाढवपणा. आणि चपला घालून तो कुणाला गाडीत चढू देत नसे. होडीत कोण चढतं चपला घालून?

बायको नीराबाई वैतागायची. "अवो, त्या लोखंडाला कवढं त्याल पाजाल? आपली होडी कवा येनार?"

नामाची होडी वादळात गेली होती. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होडीवर जात होता, आणि कोळ्याच्या जिवाला ते फार लागतं. गाडी विकायची आणि होडी घ्यायची, एवढाच त्याचा ध्यास होता.

त्रेपन्न साली मुंबईहून दिनानाथ शेट गाडी बघायला आले. वरातीला मोटारी भाड्यानं देणं हा त्यांचा धंदा. छप्पर दुमडलं, इंजिन पहिल्या झटक्यात बोललं, शेट खूश. चपला काढून आत बसले आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

"अहो नामा, हिच्यात नवरी बसवू की मुशी?"

सगळे हसले. नामाचा चेहरा उतरला. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

"गाद्या बदला, शेट," तो म्हणाला. "पन तळाचं त्याल धुऊ नका. त्याल गेलं का गाडी गेली."

विकणारा माणूस आपल्या मालाचा वास जपायला सांगतो, हे शेटनी कधी ऐकलं नव्हतं. पांढऱ्या धोतरानिशी ते वाळूत आडवे झाले, चाकूनं तळ खरवडला. गंजाचा ठिपका नव्हता. मुंबईत चौपाटीजवळ उभ्या त्यांच्या स्वतःच्या मोटारींना मात्र गंजून भोकं पडत होती. त्यांनी गाडी घेतली, एका अटीवर: दर वैशाखात तेल लावायला नामानंच यायचं.

होडी आली. नामानंही दहा वर्षं शब्द पाळला. मुंबईला जाताना रेवसच्या लाँचवर लोक त्याच्या तेलाच्या डब्यापासून लांब सरकून बसत.

चौसष्टच्या माघात नामा गेला. वैशाख सरता सरता ब्युइक घेऊन शेट दारात आले. "उशिरा कळलं, नीराबाई. भेटायला आलो."

नीराबाई गाडीकडे बघत राहिली. "यंदा त्याल लागलं न्हाय, व्हय?"

शेटनी मान खाली घातली. ती घरात गेली, डबा घेऊन आली, लुगड्याचा काचा खोचला आणि सरळ गाडीखाली शिरली.

"शेट," खालून आवाज आला, "चपला काढा नि डबा धरा. होडी हाय ती."