राजा आला मुलीकडून

सुहासिनी आत्यावर लिहायचं म्हटलं की पहिली अडचण आत्याच असते. "माझ्यावर कसलं लिहितोस? कंपनीत काही काम देत नाहीत का?" असं ती म्हणणार, आणि म्हणताना आतून खूश असणार. तरीही लिहितो. आज मी जो काही आहे तो तिच्या जिवावर आहे, आणि हे कधीतरी सरळ सांगून टाकायला हवं होतं.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं, तनया झाली, आणि तनया जेमतेम चालायला लागली तोवर नवऱ्याने दुसरा संसार थाटला. सासरच्यांनी रेशनकार्डावरून दोघींची नावं कमी करून घेतली. आत्या पोरीला कडेवर घेऊन सदाशिव पेठेत थोरल्या भावाकडे, म्हणजे आमच्या यज्ञेश्वरकाकांकडे आली. काका पाटबंधारे खात्यात कारकून, विधुर, मूलबाळ नाही. भावाने काही विचारलं नाही, बहिणीने काही सांगितलं नाही. दोघांनी चहा घेतला आणि ती राहिली. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

नव्वदच्या सुमाराला तिने बोळाच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ टाकलं. पेठेत तेव्हा परभणी, लातूर, बुलढाण्याकडची मुलं कॉट बेसिसवर राहायची आणि रविवारी घरी फोन करायला रांग लावायची. आत्याने काचेवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'येथे थोडक्यात बोलावे. रडायचे असल्यास आधी रडून यावे.' पाटी वाचून मुलं हसायची आणि आत जाऊन रडायचीच. मग आत्या बाहेरून काच वाजवायची, "आईला म्हणावं जेवतोय व्यवस्थित. बाकीचं पत्रात लिही." पण एखाद्याच्या घरी दुखणं असलं की त्याचा फोन किती वेळ चाललाय हे तिला दिसतच नसे. तोंडाने तिखट आणि हाताने सढळ, असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी नाशिकहून कॉलेजसाठी तिच्याकडे आलो. पुढे संगणकाचा कोर्स करायचा म्हटल्यावर वडील म्हणाले, हे खूळ चार दिवसांचं आहे. आत्या म्हणाली, "फोनबद्दलही हेच म्हणत होते." फी तिने भरली. त्या कोर्सवर मला नोकरी लागली, कंपनी हिंजवडीला गेली, आणि मी रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून झोपा काढत उसाच्या शेतांमधून जाऊ लागलो. शेतं नंतर संपली, झोप वाढली.

काका निवृत्त झाले. पुण्यात निवृत्त माणसापुढे दोन रस्ते असतात : सोसायटीचं सेक्रेटरीपद किंवा कुळाचा इतिहास. आमच्या सोसायटीत पहिली जागा रिकामी नव्हती. तेव्हा काकांनी 'शेलवडेकर कुलवृत्तांत समिती' काढली. आम्ही शेलवडेकर मूळचे कोण, कुठले, आणि मूळ पुरुषाच्या मागे कोण, हे शोधून त्याचं पुस्तक छापायचं. सरकारी माणूस, त्यामुळे इतिहासाच्या आधी नियम तयार झाले. त्यातला पाचवा असा : 'कन्येचे नाव द्यावे, परंतु कन्येच्या पुढे वंश वाढवू नये.' मुलगी सासरच्या कुळात गेली, तिचं पुढचं ते लोक बघतील, असा त्याचा अर्थ.

माणसं शोधायचं काम आपोआप आत्याकडे आलं. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, नंतर न्यू जर्सी, सगळीकडचे शेलवडेकर तिने बूथमधून शोधून काढले. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या मुली कुठे दिल्या, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. काका कागदावर पिढ्या मांडत आणि अडले की खिडकीतून ओरडत, "सुहास, इंदूरवाल्यांचा मधला कोण?" उत्तर यायला वेळ लागत नसे.

मीही फावल्या वेळात एक प्रोग्राम लिहून दिला. नाव टाकलं की फांदी तयार. पाचवा नियम काकांनी आग्रहाने त्यात घालून घेतला. मुलीच्या नावाखाली काही भरायला गेलं की पडद्यावर संदेश यायचा, 'येथे पुढे नोंद करता येत नाही.'

एका संध्याकाळी कच्चा आराखडा टेबलावर पसरला होता. आत्या चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि उभीच राहिली. तिच्या नावाचा गोल होता, त्याखाली काही नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "माझं नको हवं तर. तनयाचं नाव घालता येईल का?"

आयुष्यात तिने भावाकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. बापाच्या कुळाने तनयाला काढून टाकलेलं, आणि इथे नियम. म्हणजे माझी ही बहीण, बी.एस्सी. होऊन क्लासमध्ये पोरांना गणित शिकवणारी, चालतीबोलती, ती कुठल्याच कुळात नव्हती.

काकांनी चष्मा काढून पुसला. "नियमात बसत नाही, सुहास."

"बरं," आत्या म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की तो चहा मी तसाच ठेवून दिला.

पुढच्याच महिन्यात काका गावाकडून परतले ते जमिनीपासून चार बोटं वर चालत. शेलवडीला सुखदेव भाट होता. आमच्या पिढ्या तोंडपाठ ठेवायची त्याच्या घराण्याची वहिवाट. त्याने देवळाच्या पायरीवर बसून सगळी परंपरा म्हणून दाखवली होती. देवगिरीच्या एका यादव राजाने आपल्या मुलीला, तिच्या मुलाच्या बारशाला, शेलवडी गाव आंदण दिलं. तो मुलगा जयसिंग, आमचा मूळ पुरुष. राजाच्या मागे यादव कुळ, त्यामागे यदु, आणि त्याच्याही मागे साक्षात चंद्र. काकांनी आम्हाला थेट आकाशातल्या चंद्रापर्यंत नेऊन पोचवलं. पुढे रस्ता नव्हता म्हणून थांबले.

बातमी समितीत पसरली. हिंजवडीचे आमचे भाऊबंद रंगराव, ज्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती आणि जे पुस्तकाचा छपाईखर्च करणार होते, त्यांनी फोनवरच जाहीर केलं, "म्या म्हनतच हुतो, आपल्या रक्तात राजा हाय." प्रत्येक जण आरशासमोर जरा ताठ उभा राहू लागला.

रविवारी मी संगणकावर राजा भरायला बसलो. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. चंद्र भरला, यदु भरला, राजा भरला. राजाखाली त्याची कन्या. तिचं नाव भाटालाही माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच 'कन्या'. आता तिच्याखाली जयसिंग टाकायला गेलो आणि घोडं पेंड खायला लागलं.

'येथे पुढे नोंद करता येत नाही.'

"परत टाक," काका म्हणाले.

परत तेच.

"तुझ्या मशीनला इतिहास कळत नाही, केयूर."

"मशीनला तुमचा नियम कळतो, काका."

खरं सांगायचं तर एका जयसिंगापुरती सूट देणं माझ्या हातात होतं. असल्या सवलती आम्ही ऑफिसात रोज देतो. पण मला आत्याचा तो रिकामा ट्रे दिसत होता. मी म्हटलं, काढायचा तर नियमच काढतो, अपवाद करणार नाही. काका उठून आत गेले. नंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित कमी बोलले.

समितीची बैठक आमच्याच घरी भरली. काकांनी पेच मांडला : राजा आपल्याकडे मुलीकडून आलेला आहे. पाचवा नियम ठेवला तर राजा जातो. राजा ठेवला तर मुली आणि त्यांची मुलं सगळी वंशावळीत येतात.

रंगराव खुर्चीत पुढे सरकले. "आवं दादा, असं कसं? पोरींची पोरं कागदावर आली की उद्या तलाठ्याकडं जात्यात. आमच्याकडं जमिनीला आता काय भाव हाय ठावं हाय न्हवं तुमास्नी? भाचे हिस्सा मागाया दारात हुबं राहतील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. रंगरावांनाच तोडगा सुचला. "मी काय म्हनतो, येकच पोरगी घ्या की. ती जुनी, राजाची. ती काय आता हिस्सा मागाया येत न्हाय."

सगळे हसले. आत्या तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. तिने ते ऐकलं. एकेकाच्या हातात बशी दिली, रंगरावांना लिंबू हवं का विचारलं, आणि दाराशी जाऊन उभी राहिली. काकांची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. हा माणूस या राजाच्या मागे कित्येक वर्षं एसटीने गावोगाव हिंडला होता, आणि छपाईच्या पैशांची थैली समोर पोहे खात बसली होती.

"रंगराव," काका म्हणाले, "मी अख्खी नोकरी नियमाने केली. ओळखीच्याला एक आणि परक्याला दुसरा, असं केलं नाही. आपल्याला गाव दिलं ते मुलीमुळे. आडनाव आलं ते त्या गावावरून. तिला घ्यायचं आणि ही दारात उभी आहे तिला वगळायचं, हे मला जमायचं नाही. पाचवा नियम मी केला होता, मीच काढतो."

"मग पैशाचं आमच्याकडून जमनार न्हाय."

"नसू दे. पोहे संपवून जा."

रंगराव गेले आणि जाताना राजाही घेऊन गेले. महिन्याभरात हिंजवडीच्या चौकात फ्लेक्स लागला. वर चंद्र, मग यदु, मग मुकुट घातलेला राजा, आणि खाली गॉगल घातलेले रंगराव. मध्ये बाईमाणूस एकही नाही. कंपनीच्या बसमधून मी तो रोज पाहायचो आणि एवढी पुरुषमंडळी जन्माला कशी आली असतील याचा विचार करायचो.

पुस्तक आम्ही साध्या कागदावर छापलं. मोबाइल आल्यामुळे बूथ तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं, पण त्या शेवटच्या दिवसांत आत्याने तिथून कुळातल्या एकूण एक मुलींना फोन केले. "शेलवडेकरांचं संमेलन आहे. तुला बोलावलंय. तुलाच. मुलांना घेऊन ये."

आल्या, आणि किती आल्या! पेठेतल्या कार्यालयात काकांनी बेताच्याच पानांचा हिशेब धरला होता. जिलबी दुसऱ्या पंगतीलाच संपली, आणि आत्याने मंडईकडे माणूस पिटाळला. पांढऱ्या केसांच्या बाया नातवंडांना हाताशी धरून येत होत्या आणि स्वतःचं माहेरचं नाव जपून सांगत होत्या. रंगरावांची सख्खी बहीण बायडाबाईही आली. काका जरा संकोचले. ती म्हणाली, "हिश्श्याचं माझं मी बघीन. तुमी नाव लिवा."

मग काका वाचायला उभे राहिले. चंद्रापासून सुरुवात केली, पण आधी सांगून टाकलं की इथवरचा आधार तोंडी आहे, ज्याने त्याने झेपेल तेवढं मानावं. राजापाशी आले. "राजाची कन्या. नाव कुणी जपलं नाही. तिचे आपल्यावर उपकार आहेत." मग जयसिंग, आणि पुढच्या पिढ्या. आमच्या फांदीवर आल्यावर त्यांचा आवाज सरकारी झाला. भावना आवरायची त्यांची तीच रीत. "यज्ञेश्वर. त्यांची बहीण सुहासिनी. सुहासिनीची मुलगी तनया."

तनया उठून उभी राहिली. मी एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या की शेजारचे गृहस्थ सरकून बसले. देवाचे, काकांचे, त्या बिननावाच्या राजकन्येचे, कुणाकुणाचे आभार मानू असं मला झालं होतं.

घरी आल्यावर आत्याने पाय धुतले, चष्मा लावला आणि पुस्तक उघडून आमचं पान काढलं. तनयाच्या नावावर बोट ठेवलं. मग मान वर न करता म्हणाली,

"दादा, हिच्या खाली जागा ठेवलीस का रे?"

"पुढचं अख्खं पान कोरं सोडलंय," काका म्हणाले.

आत्याने पान उलटून पाहिलं. कोरंच होतं. आणि ती आमच्या सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता, रडली.