साडूंची गोल इमारत

हेवा करायला जगात राजे, नट, बागायतदार असे पुष्कळ लोक उपलब्ध असताना मी उभी हयात माझ्या साडूंचा हेवा करण्यात घालवली, आणि तोही एका पोस्टकार्डापायी.

उंब्रज ही आमची सासुरवाडी. मी थोरला जावई, सांगलीत हळदीच्या पेढीवर कारकून. जत्रेच्या जेवणात सासऱ्यांच्या उजव्या हाताचा पाट माझा. मग धाकट्या मेहुणीला म्हसवडकडचं स्थळ आलं. नवरदेव फौजेत ट्रक चालवायचे, आणि मिशी अशी, की पंगतीत तिलाच वेगळा पाट लागावा. दुष्काळ सरल्यावरच्या पहिल्या जत्रेला ते रजेवर आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेलं ते कार्ड काढलं. रशियातली कसलीशी सरकारी इमारत. काचेच्या उतरंडीवर सिमेंटची परात पालथी घातल्यासारखी, गोल गरगरीत. समोर दोन मोटारी आणि लाल कोटातली एक बाई. सासरे म्हणाले, "धाकटं पाव्हणं, हिकडं बसा माज्याजवळ. नीट सांगा." माझा पाट गेला तो गेला. मी खांबाआड गेलो, जिथे रस्सा पोचायचा, पण त्यातलं मटण वाटेतच उतरलेलं असायचं.

साडू दरवर्षी त्या इमारतीच्या थोडे जवळ सरकत. पहिल्या वर्षी फौजेच्या छावणीत यंत्रं शिकवायला आलेल्या एका रशियन मिस्त्रीने भाकरी-खर्ड्यावर खूश होऊन कार्ड दिलं होतं, एवढंच. दुसऱ्या वर्षी त्या मिस्त्रीचा भाऊ तिथे नोकरीला लागला. तिसऱ्या वर्षी साडू स्वतःच पायऱ्यांवर पोचले. "वारं लय तितं. टोपी धरून चढावं लागतंय," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी नकळत पदर सावरला. हा माणूस छावणीपलीकडे कुठे गेला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते वारं मलाही लागलं, याचाच संताप जास्त.

उत्तर म्हणून मी सांगलीहून ताजमहालाचं रंगीत कार्ड नेलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो तर आपल्या चहाच्या डब्यावर हाय की." त्या वर्षी मला रस्साही उशिरा आला.

शेवटी भर पंगतीत मी खांबाआडून विचारलं, "काय हो साडू, एवढ्या पायऱ्या चढलात, तर आत काय आहे ते सांगा की." सगळ्यांचे घास थांबले. साडूंनी शांतपणे भाकरी मोडली. "आत व्हय? आत जेवायची जागा हाय, पाव्हणं. इमारत गोल, म्हणून पंगत बी गोल. थोरला न्हाई, धाकटा न्हाई. खांब तर न्हाईच."

पुढच्या जत्रेला सासऱ्यांनी पाट गोल मांडले. माझ्या वाटीत मटण आलं. उपकार करणारा माणूस जास्तच सलतो. मी मान खाली घालून जेवलो.

पुढे साडू वारले, तेव्हा मेहुणीने कार्ड माझ्या हातात ठेवलं. "तुमचा डोळा व्हता, दाजी. ठेवा तुमीच." त्या वर्षीच्या जत्रेला मी ते रुमालात गुंडाळूनच नेलं. म्हातारे सासरे म्हणाले, "सांगा, थोरलं पाव्हणं." मी तोंड उघडलं. लाल कोटातली बाई, दोन मोटारी. त्यापुढे मला काही दिसेना. साडूंच्या हातून निघालं, की एका फेरीला अर्धी रात्र घेणारं ते कार्ड वाढपी भात घेऊन यायच्या आत माझ्याकडे परत आलं. शेजारचा पाट रिकामा होता. पायऱ्यांवर कुणीच नव्हतं, आणि वारंही पडलं होतं.