गिरणी थांबल्यावर

दरवर्षी शहरातली कॉलेजं आमच्या सुरगाण्याकडे श्रमदानाला येतात. बांध घालतात, नागलीच्या भाकरीचे फोटो काढतात आणि निघून जातात. त्यामुळे गोदावरीला पूर आला आणि आमच्या इगतपुरीच्या कॉलेजने नाशिकला मदतीला जायचं ठरवलं, तेव्हा मला आतून जरा बरंच वाटलं होतं. आता आम्ही यांचा गाळ काढणार होतो. नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो तर तिथे नेहमीचीच गर्दी, नेहमीचेच हॉर्न; पूर नक्की कुठे आलाय, असं वाटावं. नदीकडे उतरायला लागलो तसा मात्र एकेक आवाज मागे राहिला.

सरांनी आमच्या गटाला एक पिठाची गिरणी दिली. खाली गिरणी, वर राहायच्या खोल्या. आत गुडघाभर गाळ आणि भिजून आंबलेल्या पिठाचा वास. तो वास मला अजून सहन होत नाही. मागच्या कोपऱ्यातून एक अरुंद जिना वर अंधारात गेला होता. सर म्हणाले, "घरात कोणी नसेल, नातेवाइकांकडे गेले असतील सगळे," आणि ते दुसऱ्या गटाकडे गेले.

आम्ही कामाला लागलो. फावडी, घमेली, सगळ्यांचा नुसता कल्ला. मग दम खायला सगळे एकदमच थांबलो, आणि जिन्यातून हाक आली.

"अहो."

बाईचा आवाज होता. घाबरलेला नाही, रडवेला नाही, अगदी रोजचा. आणि एकदाच.

आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतं. जे जिवंत नसतं ते एकदाच मारतं. कॉलेजात आल्यावर मी घरच्या बऱ्याच समजुती सोडल्या, ही काही सुटली नव्हती. त्यात हाकेत नाव नाही, म्हणजे ती कोणालाही असू शकत होती. मी शेजारच्या मुलाचा दंड घट्ट धरला. हा माझा वर्गमित्र, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, मोठ्यांनी हाक मारली की उठून उभा राहणारा. त्याने माझ्याकडे बघून हसत मोठ्याने उत्तर दिलं, "ओ! आलो."

थोड्या वेळाने वरून कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

"घाबरलीस?" तो म्हणाला.

"हसू नको. ओ तू दिलीस, आता तूच जा वर," मी म्हटलं. मला त्याचा खरंच राग आला होता.

तो जिन्याकडे निघालाही होता, तेवढ्यात समोरच्या घरातल्या मावशी धावत आत आल्या. "आत्ता ओ कोणी दिली?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्या मित्राकडे पाहिलं, तेव्हा त्या खालच्या आवाजात सांगू लागल्या. पाणी चढत होतं तेव्हा गिरणीवाले काका मोटर सोडवायला खाली आले होते. पाण्याने त्यांना नेलं. ते अजून सापडलेले नव्हते. काकू तेव्हापासून वरच बसून होत्या.

"गिरणी चालू असली की खाली ऐकू जात नाही ना, म्हणून गिरणी थांबली की त्या एकदाच हाक मारायच्या. चहाला. आज तुमची फावडी थांबली."

नदीकडची भिंत तडकली होती आणि अंधार पडायच्या आत घर रिकामं करायला सांगितलं होतं. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने मिनतवाऱ्या करून आईला कसंबसं तयार केलं होतं. आता त्या पुन्हा बसून राहिल्या होत्या. ते खाली आहेत, आत्ताच बोलले, असं त्या मुलाला सांगताना जिन्यातून ऐकू येत होतं.

मुलगा खाली आला. चिडला नाही. चिडला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. माझा मित्र हात जोडून म्हणाला, "दादा, मी वर जाऊन सांगतो, तो मीच होतो."

"मी सांगितलं. ती म्हणते, मला त्यांचा आवाज कळत नाही का." मग त्याने आम्हा सगळ्यांना गिरणीच्या बाहेर काढलं. "ती परत हाक मारेल. कृपा करून कोणी बोलू नका."

आम्ही गल्लीत उभे राहिलो. समोर उघडं शटर, आत अर्धा उपसलेला गाळ आणि जिन्याची खालची पायरी तेवढी दिसत होती. तडकलेल्या भिंतीतून मधूनच माती गळायची. त्या गल्लीत चिमणीसुद्धा नव्हती.

"अहो."

माझ्या शेजारी मित्राने चिखलाचा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. आणि मला, पहिल्या हाकेला कधीही ओ न देणारीला, पोटातून वाटत होतं की कोणीतरी ओ द्यावी. कोणीही द्यावी. मी कानात प्राण आणून ऐकत होते. आतून काहीही आलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग वरून काकूंचा आवाज आला, कोणाचं तरी बोलणं ऐकून घेतल्यावर येतो तसा. "बरं."

त्या उतरल्या. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने साडी चिखलातून वर धरलेली. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुलाला म्हणाल्या, "ते म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच."

मुलाने वळून गिरणीत पाहिलं. आम्हीही पाहिलं. सकाळपासून आम्ही तिथेच खणत होतो, तिथे कोणी नव्हतं. तरी मी मित्राचा दंड पुन्हा धरला.

मुलाने शटर खाली ओढलं आणि खिशातून कुलूप काढलं.

"कुलूप नको रे," काकू म्हणाल्या. "नुसतं ओढून ठेव. त्यांच्याजवळ किल्ली नाही."

त्याने कुलूप परत खिशात ठेवलं.