औशाच्या शिवणक्लासातली चिठ्ठी

मी लातूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका संस्थेनं आमच्या कॉलेजातून काही मुलंमुली स्वयंसेवक म्हणून घेतली. आपल्या वयाच्या लोकांशी एचआयव्हीबद्दल बोलायचं, हे काम. मी नाव दिलं नव्हतं. कुणीच हात वर करेना, तेव्हा सरांनी हजेरीपटावरून नावं उचलली, त्यात माझं आलं.

प्रशिक्षण नांदेडला होतं, दोन दिवसांचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शरीराबद्दलचे शब्द मला इंग्रजीतून येत होते आणि ते जीवशास्त्राच्या पुस्तकातले वाटायचे. तेच मराठीत म्हणायचे झाले की आई शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटे. प्रशिक्षक बाईंनी ते ओळखलं. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ‘लैंगिक संबंध’ हे दोन शब्द वीस वेळा मोठ्यानं म्हणायला लावले.

“भिंतीला लाज वाटंना, तुला कशाला वाटायली?” त्या म्हणाल्या.

वीस वेळा म्हटल्यावर शब्द सुटले. समोरच्या चेहऱ्यांकडे बघायची सवय मात्र झाली नाही.

मला लातूरजवळच्या औशाचा शिवणक्लास मिळाला. पुढे टेलरिंगचं दुकान, मागच्या खोलीत क्लास. चालवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणत. आईबाप मुलींना दुसरीकडे कुठं पाठवत नसत, आपांकडे पाठवत. म्हणून संस्थेनं त्यांनाच विचारलं होतं. दर गुरुवारी एक तास मशिनी बंद ठेवून मी बोलायची. मुली माझ्याच वयाच्या, पण मला मॅडम म्हणायच्या. तोंडानं कुणी काही विचारत नसे. त्यासाठी आमच्याकडे चिठ्ठ्या होत्या: सगळ्यांना सारख्या मापाचे कोरे कागद द्यायचे, नाव न लिहिता प्रश्न लिहायचा, डब्यात टाकायचा, मी वाचून उत्तर द्यायचं आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

तिसऱ्या गुरुवारी मी कोरे कागद लातूरला घरीच विसरले. आपा पुढे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. कोपऱ्यात मुलींनी सरावाला कापलेल्या खाकी कागदांचा ढीग पडला होता. “कुठलाही कागद घ्या, चालेल,” असं मी सांगितलं. जिनं तिनं आपणच कापलेला तुकडा उचलला.

चौथी चिठ्ठी होती: ‘माझं लग्न ठरलं आहे. ते पुण्याला कंपनीत असतात. लग्नाआधी दोघांनी टेस्ट करावी असं मला वाटतं. त्यांना कसं सांगू? त्यामुळे लग्न मोडेल का?’

मी ती नेहमीसारखीच वाचली, कागद चेहऱ्यासमोर धरून. त्यामुळे कागदाची मागची बाजू सगळ्या खोलीकडे होती.

“अय्या, कटोरी!” पुढच्या रांगेतली एक जण म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

मला शिवणातलं काही कळत नाही. मला तो एक वाकडा कापलेला तुकडा होता. त्यांना ते कटोरी ब्लाऊजचं कटिंग होतं. क्लासात आधी झबलं शिकवतात, मग परकर, मग साधा ब्लाऊज. कटोरी सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत त्या वेळी एकच मुलगी पोचली होती आणि ती स्वतःच्या लग्नाचे ब्लाऊज शिवत होती. ती मान खाली घालून बोटाभोवती दोरा गुंडाळत बसली. तिच्यामागे तिची होणारी नणंद होती. दोघींची ओळख याच क्लासातली. नणंदेनंच ही मुलगी घरी सुचवली होती.

नणंद उभी राहिली. “माझ्या भावाला काय रोग हाय का? सांग की, इथं सगळ्यांसमोर सांग.”

मुलगी बोलली नाही. मीही बोलले नाही. यावरचं उत्तर मला पाठ होतं.

आवाज ऐकून आपा गळ्यात टेप घेऊन आत आल्या. “क्या हुआ? भांडायला क्लास लावला का?”

कुणीतरी त्यांना सांगितलं. त्या नणंदेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“परवा तू हिचं माप घेतलीस. ती म्हणली का, माझ्यावर संशय घेतलीस म्हणून?”

“आपा, ते कापडाचं हाय.”

“कापड बिघडलं तर मी दुसरं आणून देते बेटा. पोरगी बिघडली तर दुसरी कुठून आणू? अन् तुझा भाऊ?”

मुली हसल्या. नणंद हसली नाही. पर्स उचलून ती निघून गेली.

माझी चूक मी आपांना सांगितली. “रद्दी माझीच होती,” त्या म्हणाल्या. “पण तू गप बसायला नको होतीस.” संस्थेच्या अहवालात मी लिहिलं की कोरे कागद नेले नव्हते आणि एका मुलीची ओळख उघड झाली.

पुढच्या गुरुवारी दोघीही आल्या नाहीत. आम्ही कुणाच्या घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, असा नियम होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. लग्न मोडलं असणार असं मी धरून चालले. मोडलं ते नणंदेनंच, याचीही मला खात्री होती.

मग आपांचा फोन आला. नणंदेनं आईबापांना काहीच सांगितलं नव्हतं. तिनं सरळ भावाला पुण्याला फोन केला होता आणि दोन दिवस त्याच्याशी भांडून झाल्यावर, “मग करून टाक की, तुला कशाची भीती?” असं विचारलं होतं. तो तयार झाला. पण औशात नको, तिथं सगळे ओळखतात, लातूरला. मुलीला आई एकटीला पाठवणार नव्हती. म्हणून नणंद येणार होती, आणि मीही यावं असं मुलीचं म्हणणं होतं.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी आणि पुण्याहून आलेला नवरदेव समुपदेशक बाईंच्या खोलीत गेले. बाहेरच्या बाकावर मी आणि नणंद. ती माझ्याकडे वळली.

“मॅडम, तुमची झाली का?”

“काय?”

“टेस्ट. सगळ्यांला सांगत फिरता ती.”

झाली नव्हती. मी तसं सांगितलं.

“मग चला की. बसून काय करायलो आपण?”

आम्हीही रक्त दिलं.

निकाल मी कुणाला विचारले नाहीत. मुलीनंच बाहेर येऊन सांगितलं, “दोघांचं बी निगेटिव्ह हाय. तीन महिन्यांनी परत एकदा करा म्हणल्या.” नवरदेव तिच्या मागे उभा होता, हातात दोघांच्या निकालाच्या चिठ्ठ्या. तो पहिल्यांदा सैल हसला आणि चहा घेऊ म्हणाला.

“थांबा,” ती त्याला म्हणाली. “अजून एक विचारायचं हाय. लग्नानंतर पुण्यात मी दुकान टाकणार, शिलाईचं. चालंल का?”

त्यानं बहिणीकडे बघितलं.

“माझ्याकडं काय बघायलास?” ती म्हणाली. “तुला विचारायली ती.”