आम्ही पकडलेला खुनी

आमच्या चाळीने एकदा खुनी पकडला होता. चुकीचा. पण ती चूक झाली नसती तर माझी शाळा नववीतच सुटली असती.

गिरणीचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा साळखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात, वीस वर्षं साचे, विणायचे माग, चालवत होते. संपाच्या सुरुवातीला ते सभांना जायचे, मोर्चातून घसा बसवून घरी यायचे. मग हळूहळू बोलायचेच थांबले. सकाळी काळाचौकीच्या नाक्यापर्यंत चक्कर मारायची, परत येऊन खाटेवर बसायचं आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहायचं. मला त्यांचा राग यायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

त्यातच त्यांनी ठरवलं की माझी परीक्षा झाली की सगळ्यांनी गावाला जायचं, कायमचं. गाव मालवणच्या बाजूला आणि तिथली शाळा सातवीपर्यंत. आईने मात्र एक वाट शोधून काढली होती. दादरला विणकाम शिकवणारी एक संस्था होती, तिथे मुलांना साचा चालवून दाखवायला जुना माणूस हवा होता. बाबांनी फक्त जाऊन भेटायचं होतं.

"माका शिकवूक येणा नाय," बाबा म्हणाले. "मी काय मास्तर आसंय?"

आईने ट्रंका खाली काढल्या, त्या अशा आपटल्या की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले.

अशात एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर रहस्यपट लागला. खास टीव्हीसाठी काढलेला, दोन भागांचा. आमच्या मजल्यावर टीव्ही एकच, टोकाच्या खोलीतल्या मावशींकडे. त्या लालबागच्या बाजारात मासे विकायच्या. टोपली रिकामी झाली की घरी येऊन दार सताड उघडं टाकायच्या आणि अख्खा मजला आत शिरायचा. बायकामुलं पुढे, पुरुष मागे गॅलरीत कठड्याला टेकून. बाबांना आईने जवळजवळ ढकलतच आणलं होतं.

गोष्ट एका गिरणीच्या मॅनेजरच्या खुनाची. शोध लावणाऱ्या बाई पोलिसातल्या नव्हत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या आणि नको तिथे नाक खुपसणाऱ्या. मावशींना त्या फारच आवडल्या. संशय तिघांवर होता: मॅनेजरचा भाचा, घरचा डॉक्टर आणि एक साचेवाला. एका प्रसंगात हा साचेवाला कामावर उभा असतो आणि धागा तुटतो. तो दोन्ही टोकं धरतो, आपण पिशवीला मारतो तशी गाठ मारतो आणि उरलेला दोरा दाताने तोडतो.

"ह्यो साचेवालो न्हय!" मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा होते. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"असली गाठ साच्याच्या फणीत अडाकतली, धागो परत तुटतलो. ह्यो कधी साच्यार उभो रवलेलोच नाय. सोंग घेऊन गिरणीत शिरलोहा. खुनी ह्योच!"

गॅलरीतले निम्मे पुरुष साळखात्यातले. त्यांनी माना हलवल्या आणि खटला तिथेच निकालात निघाला. पहिला भाग संपला तेव्हा आम्हाला त्या बाईंची कीवच आली. आठ दिवस त्या उगाच फिरणार होत्या.

ते आठ दिवस आमच्या खोलीत नुसती वर्दळ होती. "भाऊ, खरी गाठ कशी ती दाखवा बघू." बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. दोन टोकं चिमटीत एकावर एक, अंगठ्याखालून वळसा, ओढलं की झालं. बघेपर्यंत गाठ पडलेली असायची, तांदळाच्या कणीएवढी. मला बुधवारी जमली. मावशींना काही केल्या जमेना, कारण त्या डावखुऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आधी स्वतः डाव्या हाताने गाठ मारून बघितली, चार वेळा चुकले, मग मावशींना हाक मारली. "घाई करू नको, मावशी. धाग्याक ओढू नको, तेका येऊ दी." मावशींनी गाठ मारली आणि ती दाखवत सगळ्या मजल्यावर फिरून आल्या.

दुसऱ्या शनिवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. त्या बाईंनी सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवलं, चष्मा चढवला आणि बोट रोखलं ते डॉक्टरवर. साचेवाला निर्दोष होता. गरीब बिचारा रडत होता आणि बाई त्याची पाठ थोपटत होत्या.

अख्ख्या मजल्याने वळून बाबांकडे पाहिलं. मग आई खदखदून हसायला लागली. "अहो, त्या नटाक गाठच येणा नाय हुती! दुसरा काय नाय!"

हास्याचा असा स्फोट झाला की टीव्ही ऐकूच येईना. बाबा तेवढे संतापले होते. "पण तेका कोणी शिकवूक नको? मुंबयेत इतके साचेवाले रिकामे बसलेत, एकाक बोलावक नको?"

आई हसायची थांबली. "मगे तुमी जावा ना," ती म्हणाली. "शिकवूक येणा नाय म्हणणाऱ्यान आठ दिसांत अख्खो मजलो शिकवलो. डावखुऱ्या मावशीक सुद्धा."

बाबांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी कमरेला खोचलेला दोरा काढला, तोडला आणि डाव्या हाताने जोडून त्यांच्यासमोर धरला. बाबांनी ती गाठ नखाने चाचपून पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढतील. "बरी हा," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. ट्रंका परत माळ्यावर चढवल्या त्या मी, एकटीने. जूनमध्ये मी दहावीच्या वर्गात बसले.

गिरणीत त्यांना पुन्हा कधी घेतलं नाही. शिकवायला मात्र ते हात थरथरू लागेपर्यंत गेले. पुढे आमच्या घरी टीव्ही आला आणि एका मालिकेत तोच नट न्यायाधीश होऊन खुर्चीत बसलेला दिसला. "बाबा, खुनी आला," मी ओरडले. बाबांनी चष्मा पुसून त्याला नीट निरखलं.

"माझ्याकडे धाडून द्या तेका," ते म्हणाले. "आठ दिसांत साचेवालो करतंय."