स्मशानातला तंबू

आमच्या गावच्या स्मशानात टिनाचा तंबू उभा आहे. चारी बाजूंनी उतार, वर टोक, आणि ते टोक तोलायला मधोमध जाड लोखंडी खांब. सरपंच घाटंजीच्या रस्त्यावर कोण्या लॉनमध्ये लग्नाला गेला होता. तिथला पांढरा कापडी तंबू त्याच्या डोळ्यांत भरला आणि त्यानं तसाच टिनाचा इथं करवला. लॉनमध्ये मधल्या खांबाला फुलं गुंडाळतात. स्मशानात मधोमध खांब आला तर मढं कुठं जाळायचं, हे खांब उभा होईपर्यंत कोणाला सुचलं नाही. मग जाळायचा ओटा पार कडेला बांधला. उताराचं पाणी नेमकं तिथंच पडतं. तरी सरपंचानं नारळ फोडला. लांबून पाहिलं तर आत पंगत बसली असेल असं वाटतं.

तंबू नव्हता तेव्हा पावसात कोणी मेलं की गोठ्याची टिनं सोडून न्यायची रीत होती. सरण नीट पेट घेईपर्यंत माणसं ती टिनं वर धरून उभी राहत. माझा नवरा असाच जळला. धरणाऱ्यांचे हात भाजायचे, ते शिव्या द्यायचे, पण मढं पूर्ण जळायचं. तंबू आल्यावर टिनं नेणं बंद झालं. शेड आहे ना, म्हणायचे.

माझी थोरली जाऊ श्रावणात मेली. तिचं माझं कधी पटलं नाही. माझ्या बाळंतपणात तिनं तुपाचा डबा कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली होती. ती गेली तेव्हा मी रडले नाही, रडल्याचं सोंगही केलं नाही. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून तिच्या दारात बसून होते. बाहेर पाऊस धो धो. तेवढ्यात माझा मुलगा धावत आला, नखशिखांत भिजलेला.

"आई, डिझल दे. सरण पेटूनच नाही राह्यलं."

"काहून? वरतं तंबू हाय ना?"

"ओटा कडेले हाय. टिनाचं सारं पानी मोठ्याईच्या अंगावर पडून राह्यलं."

"अन् तुमी सारे कुठी हा?"

त्यानं मान खाली घातली. "मधात. खांबापाशी."

म्हणजे जिते कोरडे आणि मेलेली भिजत होती. अर्धं जळालेलं मढं कुत्री ओढतात. मी ते पाहिलेलं आहे. जाऊ कशीही असो, तिचं तसं मी होऊ देणार नव्हते.

मुलाला डिझेलची कॅन दिली आणि पुढं पाठवलं. तिच्याच बकऱ्यांच्या गोठ्याच्या तारा सोडल्या, टिनं खाली घेतली आणि तिच्या सुनेला म्हटलं, "धर एक बाजू."

"काकू, लोक काय म्हणतीन?"

"तुह्या सासूले कुत्रे ओढतीन तवा काय म्हणतीन?"

तिनं धरलं. आम्हाला येताना पाहून एक म्हातारा तंबूतूनच ओरडला, "बाया कायले आल्या इथं?"

"तुमी वऱ्हाडावानी उभे हा, म्हणून आलो. बुंदी वाढू का? टिनं धरा मुकाट्यानं!"

पुतण्या, माझा मुलगा आणि आणखी दोघे पुढं झाले. लाज वाटून सरपंचानंही एक कोपरा धरला. तंबूच्या खाली पुन्हा टिनं धरली तेव्हा कुठं पाणी तुटलं. पुतण्यानं पुन्हा आग दिली. धूर झाला, मग खालच्या लाकडांनी पेट घेतला.

सरपंच मला म्हणतो, "काकू, पुढच्या टायमाले ओटा बरोबर मधात घेऊ."

"मधात तुहा खांब हाय. अन् पुढचा टाइम माहाच हाय. खांब काढतं, का मले त्याले बांधून उभीच जाळतं?"

कोणीतरी हसलं. सरपंचाचं तोंड काळं पडलं. त्यानं कोपरा सोडला, फटफटीला किक मारली आणि पावसात निघून गेला. त्याच्या बाजूचं टिन खाली कललं आणि पाणी पुन्हा जावेच्या पायांवर येऊ लागलं. मी पदर हाताला गुंडाळून तो कोपरा धरला. टिन तापत होतं. आग तिच्या छातीवर चढेपर्यंत मी तिथून हलले नाही.